पंधरवडा बिलाच्या वेळी डेटाबेस पुन्हा पुन्हा का पडतो: पोस्टग्रेसक्यूएल आणि सर्व्हरच्या मेमरीचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या सर्व्हरवर गळीत हंगाम सुरू झाला की एकच तक्रार ठरल्यासारखी येत असे. उसाचे पंधरवडा बिल काढायला घेतले की डेटाबेस मध्येच बंद पडायचा आणि मिनिट-दोन मिनिटांत आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. पण तेवढ्या वेळात वजनकाट्यावरच्या सगळ्या स्क्रीन ‘कनेक्शन तुटले’ असा संदेश दाखवून थांबायच्या, भरलेल्या ट्रॉलीचे वजन झालेले असूनही पावती निघायची नाही आणि यार्डात ट्रॅक्टरांची रांग वाढू लागायची. रविवारी सर्व्हर रीस्टार्ट केला की आठवडा बरा जातो, असा अनुभव आल्यामुळे तोच उपाय तिथे रूढ झाला होता. यंत्रात ३२ जीबी रॅम होती आणि ती ६४ जीबी करावी, असा प्रस्तावही तयार होता.

बिल पुढे ढकलण्याचा पर्याय अशा ठिकाणी नसतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला त्याची किंमत मिळाली पाहिजे आणि त्यापुढे व्याज लागू होते. त्यामुळे काटा चोवीस तास चालू असतानाच त्याच यंत्रावर बिलाचे जड काम करावे लागते. एकच लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस, शेजारी जावावर चालणारी रिपोर्टची सेवा आणि गट ऑफिसांपासून हिशेब विभागापर्यंत सर्वांची कनेक्शने, अशी मांडणी आपल्या भागात कारखान्यांपासून दूध संघांपर्यंत अनेक ठिकाणी दिसते. म्हणून या दुखण्याचे निदान आणि उपाय सविस्तर लिहीत आहे. रॅम वाढवण्याला माझा विरोध नाही. मात्र आहे ती रॅम कुठे जाते याचा हिशेब लागल्याशिवाय वाढवलेली रॅमही त्याच वाटेने जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेटाबेस पडला म्हणजे नेमके काय झाले

पहिल्यांदा पोस्टग्रेसक्यूएलचा लॉग उघडून त्या वेळेच्या ओळी शोधाव्यात. या दुखण्यात एक ठरावीक ओळ सापडते: अमुक क्रमांकाची सर्व्हर प्रोसेस ‘सिग्नल ९’ (प्रोसेसला तत्काळ मारण्याची आज्ञा) मुळे संपली. तिच्या पाठोपाठ इतर सर्व चालू प्रोसेस बंद करत असल्याची ओळ येते आणि त्यानंतर सगळ्या प्रोसेस संपल्या असून नव्याने सुरुवात होत असल्याची. सिग्नल ९ पोस्टग्रेसक्यूएल स्वतःच्या प्रोसेसला नेहमीच्या कामकाजात देत नाही, त्यामुळे तो बाहेरून आला एवढे निश्चित होते. तो कोणी दिला, हे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’च्या कर्नल नोंदींमध्ये पाहावे. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून पोस्टग्रेसची प्रोसेस मारल्याची नोंद त्याच सेकंदाची असेल, तर तो कर्नलचा ओओएम किलर आहे, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा करणारी यंत्रणा. नोंदीत ‘मेमरी सीग्रुप’ असा शब्द असेल, तर संपूर्ण यंत्राची मेमरी संपलेली नसून कंटेनरला किंवा सेवेला घालून दिलेली मर्यादा ओलांडली गेली आहे. तेव्हा शोध त्या मर्यादेपासून सुरू करावा.

कर्नलच्या लॉगमध्ये काहीच नसेल, तर तो सिग्नल माणसाने दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. अडकलेला रिपोर्ट थांबवण्यासाठी रात्रपाळीत कोणीतरी ‘किल’ आज्ञा ९ या आकड्यासह देतो आणि त्याचा परिणाम अगदी हाच होतो. रिपोर्ट थांबवायचा असेल तर पीजी-कॅन्सल-बॅकएंड हे फंक्शन वापरावे, त्याने भागले नाही तर पीजी-टर्मिनेट-बॅकएंड वापरावे. पोस्टग्रेसच्या कोणत्याही प्रोसेसला सिग्नल ९ कधीही देऊ नये, हा नियम सर्व्हरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असला पाहिजे.

एक प्रोसेस मेली तर बाकीच्या शंभरएक जणांची कनेक्शने का तुटतात, हा प्रश्न तिथल्या काटा क्लार्कने मला विचारला होता आणि तो अगदी योग्य आहे. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करते, पण या सर्व प्रोसेस एका सामाईक मेमरीत काम करतात. टेबलांची पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे), लॉकची नोंद, व्यवहारांची स्थिती हे सगळे तिथे असते. अचानक मारली गेलेली प्रोसेस त्या क्षणी सामाईक मेमरीत काही अर्धवट लिहीत होती की नाही, हे मुख्य प्रोसेसला कळण्याचा मार्ग नसतो. अर्धवट मजकुरावर विश्वास ठेवून पुढे गेले तर चुकीचे पान डिस्कवर जाण्याचा धोका राहतो. म्हणून ती सर्वांना थांबवते, सामाईक मेमरी नव्याने मांडते आणि शेवटच्या चेकपॉइंटपासूनचे (तोवरचे बदल डिस्कवर पोचल्याच्या टप्प्यापासूनचे) व्यवहार वॉल फाइलींमधून, म्हणजे बदलांच्या आधी लिहून ठेवलेल्या नोंदींमधून, पुन्हा लागू करते. कमिट झालेली वजन पावती यात जात नाही. कमिट न झालेली मात्र पुन्हा करावी लागते. डेटाबेसचे हे वागणे सावधपणाचे आणि बरोबर आहे. बिघाड त्याच्या आधी, मेमरी संपण्यात आहे.

मेमरीशी संबंधित आणखी दोन संदेश वरवर सारखे वाटतात, पण ते वेगळे आहेत. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ ही चूक एखाद्या क्वेरीवर आली आणि बाकी सर्व सुरळीत चालू राहिले, तर मागितलेली मेमरी कर्नलने नाकारली एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यात एक क्वेरी जाते, सर्व्हर जात नाही. सामाईक मेमरीचा तुकडा वाढवता आला नाही, कारण डिव्हाइसवर जागा नाही, असा संदेश आला तर बहुधा डॉकरमधील ‘शम’ या जागेची मूळची ६४ एमबीची मर्यादा आडवी आलेली असते आणि ती समांतर क्वेरींना कमी पडते. पुढील विवेचन या दोन्हींना लागू होत नाही.

‘टॉप’मधील आकड्यांची बेरीज का जुळत नाही

त्या कारखान्यात ‘टॉप’ ही चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा उघडून प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेसपुढचा ‘रेस’ (रॅममधील वापर) हा स्तंभ बेरजेला घेतला होता. बेरीज यंत्रातील रॅमच्या कितीतरी पट येत होती, त्यामुळे तो स्तंभच खोटा आहे, असे म्हणून विषय सोडून दिला गेला. स्तंभ खोटा नाही. त्याची बेरीज करता येत नाही. चार भावांच्या सामाईक विहिरीची नोंद चारही सातबाऱ्यांवर असते, म्हणून शिवारात चार विहिरी आहेत असे कोणी मोजत नाही. तसेच इथे आहे. प्रत्येक प्रोसेसच्या ‘रेस’मध्ये तिची खासगी मेमरी आणि तिने आजवर हात लावलेली सामाईक पाने अशी दोन्ही धरलेली असतात. शेअर्ड बफर्स म्हणजे सामाईक मेमरीतील टेबलांच्या पानांची जागा; तिच्या १६ जीबीपैकी १० जीबी पानांना एखाद्या जुन्या कनेक्शनने स्पर्श केला असेल, तर त्याच्या प्रोसेसपुढे १० जीबीहून मोठा आकडा दिसतो आणि तीच पाने शेजारच्या प्रोसेसच्या आकड्यातही मोजलेली असतात.

खासगी मेमरी पाहायची असेल तर प्रॉकखाली (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरखाली) त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये आरएसएस-अ‍ॅनॉन, आरएसएस-फाइल आणि आरएसएस-शमेम अशा तीन वेगळ्या ओळी असतात. पहिली ओळ खासगी मेमरीची आणि तिसरी सामाईक मेमरीची. बेरीजच करायची असेल तर ‘स्मॅप्स रोलअप’ फाइलमधील पीएसएस हा आकडा घ्यावा, कारण त्यात सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्या हिश्श्यांत विभागून मोजलेले असते. ही फाइल वाचणे मोठ्या प्रोसेसच्या बाबतीत हलके काम नाही, म्हणून ती दर सेकंदाला वाचणारी स्क्रिप्ट लावू नये. काही मिनिटांनी एकदा वाचणे पुरेसे होते.

दुसरा गोंधळ ‘फ्री’ या आज्ञेचा. एका दुपारी, बिल सुरू होण्यापूर्वी, त्या सर्व्हरवर जीबीमध्ये साधारण असे चित्र होते: एकूण ३१, वापरात ११, रिकामी १, शेअर्ड १६, बफर-कॅश १९ आणि अव्हेलेबल ३. रिकामी १ असली तरी कॅशमध्ये १९ आहे आणि कॅश केव्हाही मोकळी होते, असे गृहीत धरून सर्वजण निर्धास्त होते. फाइलींच्या कॅशपुरते ते गृहीतक बरोबर आहे. मात्र पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्सही याच बफर-कॅशच्या स्तंभात मोजले जातात आणि ते मोकळे करता येत नाहीत, फार तर स्वॅपमध्ये (रॅमला पूरक म्हणून राखलेल्या डिस्कवरील जागेत) ढकलता येतात. १९ मधून १६ वजा केले की उरतात ३, आणि अव्हेलेबल स्तंभ तेच सांगत होता. हा स्तंभ कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून कर्नल स्वतः अंदाज करून देतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर एकच आकडा रोज पाहायचा असेल तर तो अव्हेलेबलचा पाहावा.

ओओएम किलर बळी कसा निवडतो, हेही यातच दडलेले आहे. तो प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीवरून गुण ठरवतो आणि त्या मोजणीत सामाईक पानेही येतात. त्यामुळे कधीकधी बिलाची जड क्वेरी सुटते आणि दिवसभर उघडे असलेले, भरपूर सामाईक पानांना स्पर्श केलेले एखादे निरुपद्रवी कनेक्शन मारले जाते. ते मारून मेमरी फारशी सुटतही नाही. लॉगमध्ये मारल्या गेलेल्या प्रोसेसची क्वेरी पाहून तीच दोषी ठरवण्याची घाई म्हणून करू नये. कर्नलच्या नोंदीत अ‍ॅनॉन-आरएसएस आणि शमेम-आरएसएस वेगळे दिलेले असतात; अ‍ॅनॉन छोटा आणि शमेम मोठा असेल तर मारली गेलेली प्रोसेस बळी आहे, कारण दुसरीकडे आहे.

रविवारच्या रीस्टार्टने आठवडा बरा का जात होता

वापरात दिसणाऱ्या ११ जीबीचा हिशेब मांडताना जावाच्या रिपोर्ट सेवेचे सुमारे ४ जीबी लागले आणि सर्व पोस्टग्रेस प्रोसेसची खासगी मेमरी मिळून २ जीबीच्या आसपास भरली. उरलेली मोठी रक्कम कोणत्याही प्रोसेसच्या नावावर दिसत नव्हती. ती सापडली प्रॉकखालील ‘मेमइन्फो’ फाइलमधल्या ‘पेज टेबल्स’ या ओळीत. तिथे ४ जीबीहून मोठा आकडा होता.

आभासी पत्ता प्रत्यक्ष रॅममध्ये कुठे आहे, याची नोंद कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी स्वतंत्र ठेवतो. नेहमीचे पान ४ केबीचे असते आणि त्याच्या एका नोंदीला ८ बाइट लागतात. १६ जीबीच्या शेअर्ड बफर्समध्ये अशी ४१,९४,३०४ पाने होतात, म्हणजे सर्व पानांना स्पर्श केलेल्या एका प्रोसेसची नोंदवहीच ३२ एमबीची होते. बफर्स सामाईक असले तरी ही नोंदवही सामाईक नसते. त्या कारखान्यात हंगामात सुमारे १८० कनेक्शने कायम उघडी असत, कारण अ‍ॅप्लिकेशन सकाळी उघडलेले कनेक्शन बंदच करत नसे. १८० गुणिले ३२ म्हणजे ५,७६० एमबी ही वरची मर्यादा आली. नवे कनेक्शन सुरुवातीला थोड्याच पानांना स्पर्श करते, त्यामुळे त्याची नोंदवही लहान असते. दिवस जातील तशी ती वाढत जाते. रीस्टार्ट केल्यावर सर्व कनेक्शने नवी होतात, पेज टेबल्स जवळजवळ शून्यावर येतात आणि बिलाला तेवढी जागा मिळते. रविवारच्या रीस्टार्टचा गुण हा एवढाच होता.

जुन्या कनेक्शनांची खासगी मेमरीही अशीच हळूहळू वाढते. प्रत्येक सेशन ज्या टेबलांना हात लावते त्यांच्या रचनेची माहिती स्वतःच्या कॅशमध्ये ठेवते आणि सेशन संपेपर्यंत बहुतेक वेळा ती सोडत नाही. वजन पावत्यांच्या टेबलाची हंगामवार, गटवार पार्टिशने केलेली असतील तर हा भाग लक्षात येण्याइतका मोठा होतो. आवृत्ती १४ पासून पीजी-लॉग-बॅकएंड-मेमरी-कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन प्रोसेस क्रमांक देऊन चालवले की त्या सेशनची मेमरी कोणत्या कप्प्यात किती आहे, हे लॉगमध्ये छापले जाते. तिथे ‘कॅश मेमरी कॉन्टेक्स्ट’चा आकडा पाहावा.

बिलाची क्वेरी किती मागू शकते

आता शेवटचा धक्का कोण देते ते पाहू. वर्क मेम या सेटिंगबद्दलचा एक गैरसमज फार पसरलेला आहे: ते एका कनेक्शनला मिळणाऱ्या मेमरीचे प्रमाण आहे, असे समजले जाते. प्रत्यक्षात ते क्वेरीच्या आराखड्यातील प्रत्येक सॉर्ट (क्रमवारी लावण्याची क्रिया) आणि प्रत्येक हॅश क्रियेला (ओळी जोडण्यासाठी किंवा गट करण्यासाठी मेमरीत तक्ता बांधण्याला) स्वतंत्रपणे लागू होते. शिवाय हॅश क्रियांना हॅश-मेम-मल्टिप्लायर या सेटिंगने गुणून मर्यादा मिळते आणि तिची मूळ किंमत आवृत्ती १५ पासून २ आहे. त्यापूर्वी ती १ होती. हा सर्व्हर ऑफ सीझनमध्ये आवृत्ती १२ वरून १५ वर नेलेला होता. त्यात एक लाभ झाला होता, कारण आवृत्ती १२ पर्यंत हॅश अ‍ॅग्रिगेट ही क्रिया अंदाज चुकल्यास मर्यादा ओलांडून वाढतच जात असे आणि १३ पासून ती डिस्कवर उतरते. पण वर्क मेम तेच ठेवल्यामुळे हॅशची मर्यादा कोणीही काही न बदलता दुप्पट झाली होती.

पंधरवडा बिलाची क्वेरी वजन पावत्या, सभासद, विकास सोसायटीची वसुली, तोडणी-वाहतूक आणि इतर कपाती एकत्र जोडते, गटवार बेरजा करते आणि गाव व सभासद क्रमाने मांडते. तिच्या आराखड्यात दोन सॉर्ट आणि तीन हॅश दिसत होते. वर्क मेम २५६ एमबी ठेवलेले होते. दोन सॉर्टचे ५१२ एमबी आणि तीन हॅशचे प्रत्येकी ५१२ प्रमाणे १,५३६ एमबी, म्हणजे एका प्रोसेसला २ जीबीपर्यंत मुभा. समांतर क्वेरीमुळे मुख्य प्रोसेसबरोबर दोन सहायक प्रोसेस लागतात आणि ही मुभा त्या तिघींना मिळते, म्हणजे एका बिलाला ६ जीबी. सहा गट ऑफिसांनी संध्याकाळी एकाच वेळी बटण दाबले तर ३६ जीबी. प्रत्येक क्रिया ही मर्यादा गाठतेच असे नाही, तिला लागेल तेवढेच ती घेते. पण अव्हेलेबल ३ जीबी असलेल्या यंत्रावर यातला दहावा भागही पुरेसा ठरतो. इथे ३२ च्या जागी ६४ जीबी रॅम घातली असती तर दुखणे काही आठवडे पुढे गेले असते.

क्वेरी इतकी मागत का होती, हेही पाहिले पाहिजे. बिलाची प्रक्रिया आधी त्या पंधरवड्याच्या पावत्या एका टेंपररी टेबलमध्ये भरून घेत होती. ऑटोव्हॅक्यूम ही पार्श्वभूमीची सेवा टेंपररी टेबलांपर्यंत पोचू शकत नाही, त्यामुळे त्यांची आकडेवारी आपोआप तयार होत नाही आणि प्लॅनर (क्वेरीचा आराखडा ठरवणारा भाग) ओळींचा अंदाज चुकवतो. भरणा झाल्यावर त्याच प्रक्रियेत त्या टेबलावर ‘अ‍ॅनालाइज’ चालवण्याची एक ओळ घातली आणि आराखड्यातील एक मोठा सॉर्ट नाहीसा झाला. बदल एका ओळीचा असल्यामुळे तो मी सर्वांत आधी सुचवतो.

दुरुस्ती

शेअर्ड बफर्स १६ वरून ८ जीबीवर आणले. पोस्टग्रेसक्यूएलची स्वतःची शिफारस रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करण्याची आहे आणि ४० टक्क्यांच्या पुढे बहुधा लाभ होत नाही, असेही ती सांगते. कारण हा डेटाबेस फाइली वाचताना ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशवरही विसंबून असतो आणि तिच्यासाठी जागा शिल्लक राहिली पाहिजे. इफेक्टिव्ह कॅश साइझ हे सेटिंग मात्र २० जीबी ठेवले. ते एक बाइटही अडवत नाही, फक्त प्लॅनरला एकूण कॅशचा अंदाज देते. मेमरी कमी पडते म्हणून ते कमी करणाऱ्यांना त्याचा काहीही उपयोग होत नाही.

त्यानंतर ह्यूज पेजेस, म्हणजे नेहमीच्या ४ केबीऐवजी मोठी पाने. २ एमबीच्या पानांवर ८ जीबी मांडले की ४,०९६ नोंदी होतात आणि एका प्रोसेसची नोंदवही मेगाबाइटमधून ३२ केबीवर येते. नेमकी किती पाने राखायची, हे आवृत्ती १५ पासून डेटाबेस स्वतः सांगतो: सर्व्हर बंद असताना पोस्टग्रेसची आज्ञा शेअर्ड-मेमरी-साइझ-इन-ह्यूज-पेजेस हे नाव देऊन चालवली की आकडा मिळतो. तो ४,०९६ पेक्षा काहीसा जास्त येतो, कारण सामाईक मेमरीत बफर्सखेरीज इतरही गोष्टी असतात. तेवढी पाने कर्नलच्या सेटिंगमध्ये यंत्र सुरू होतानाच राखून ठेवावीत. दिवसभर चालून मेमरी विखुरल्यानंतर सलग जागा मिळेलच असे नाही. पोस्टग्रेसच्या बाजूला ह्यूज पेजेसचे मूळ सेटिंग ‘ट्राय’ असते, म्हणजे पाने मिळाली नाहीत तर डेटाबेस गुपचूप साध्या पानांवर सुरू होतो आणि जुने दुखणे कोणाच्याही लक्षात न येता परत येते. मी ते ‘ऑन’ ठेवण्याच्या मताचा आहे. पाने कमी पडल्यास डेटाबेस सुरूच होणार नाही हे खरे, पण ती अडचण देखभालीच्या ठरलेल्या वेळेत, समोर माणूस असताना कळते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: हा बदल केल्यावर ‘टॉप’मधील ‘रेस’चे आकडे एकदम खाली येतात, कारण ह्यूज पेजेस त्या स्तंभात मोजली जात नाहीत.

कनेक्शनांसाठी मध्ये पीजीबाउन्सर (अनेक स्क्रीनना मोजकी कनेक्शने वाटून देणारा प्रोग्राम) बसवला आणि ट्रान्झॅक्शन पद्धतीने पूल केला, म्हणजे कनेक्शन एका व्यवहारापुरतेच दिले जाते. १८० स्क्रीन तशाच उघड्या राहतात, पण डेटाबेसवर प्रत्यक्ष कनेक्शने चाळीसच्या आसपास असतात, आणि पीजीबाउन्सर मूळ सेटिंगप्रमाणे तासाभरापेक्षा जुने सर्व्हर कनेक्शन मोकळे झाल्यावर बंद करत असल्यामुळे मघाशी सांगितलेली वाढ साठतच नाही. या पद्धतीत सेशनभर टिकणाऱ्या गोष्टी चालत नाहीत: सेशनला लावलेली ‘सेट’ आज्ञा, सेशनभराचे टेंपररी टेबल, सेशनचे अ‍ॅडव्हायझरी लॉक. बिलाचे टेंपररी टेबल त्यामुळे एकाच व्यवहारात बनवून कमिटबरोबर नष्ट होईल, असे बदलून घ्यावे लागले. ड्रायव्हर प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरत असेल तर २०२३ मध्ये आलेली १.२१ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी.

सर्वांत मोठा फरक पडला तो काट्याचा आणि बिलाचा डेटाबेस वापरकर्ता वेगळा केल्याने. दोघांसाठी एकच नाव वापरणे सोयीचे वाटते, पण मग मर्यादाही एकच ठेवावी लागते. काट्याच्या वापरकर्त्याला ‘ऑल्टर रोल’ने वर्क मेम ४ एमबी दिले, एक पावती नोंदवायला त्याहून जास्त लागत नाही. बिलाच्या वापरकर्त्याला ६४ एमबी दिले, त्याची समांतर क्वेरी बंद केली आणि पीजीबाउन्सरमध्ये त्याच्या पूलला तीनच कनेक्शने ठेवली. बिलाची वरची मर्यादा आता, तो मोठा सॉर्ट जसाच्या तसा राहिला असे धरूनही, दोन सॉर्टचे १२८ आणि तीन हॅशचे ३८४ मिळून ५१२ एमबी, आणि तीन बिले एकदम चालली तरी १.५ जीबी. चौथे गट ऑफिस रांगेत थांबते. तिथल्या शेती अधिकाऱ्यांनी यावर आक्षेप घेतला होता की बिलाला उशीर होईल. प्रत्येक बिलाला वेळ काहीसा जास्त लागतोही, कारण सॉर्ट आता अधूनमधून डिस्कवर उतरतो. पण मध्येच पडून पहिल्यापासून सुरू करावे लागणाऱ्या बिलापेक्षा रांगेत थांबून एकदाच पूर्ण होणारे बिल लवकर हाती येते. किती उतरते हे पाहण्यासाठी लॉग-टेम्प-फाइल्स हे सेटिंग चालू ठेवावे आणि आकडे पाहून ६४ चे ९६ किंवा १२८ करावेत, तेही वरचा गुणाकार पुन्हा मांडूनच.

मेंटेनन्स वर्क मेम, म्हणजे देखभालीच्या कामांची मेमरी मर्यादा, कोणीतरी २ जीबी करून ठेवलेली होती. ऑटोव्हॅक्यूमचे मूळचे तीन कामगार तीच मर्यादा वापरतात, म्हणून ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम वेगळे २५६ एमबी दिले. जावाच्या सेवेचा हीप (तिच्या डेटाची मुख्य मेमरी) ४ जीबीवर बांधला. हीपच्या बाहेरही तिला मेमरी लागते हे धरून हिशेबात साडेपाच जीबी मांडले.

एकूण चित्र असे झाले: ह्यूज पेजेस ८, जावा साडेपाच, बिले दीड, काट्यासह इतर कनेक्शने सुमारे १, ऑटोव्हॅक्यूम पाऊण आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी १ जीबी. ३२ पैकी १८ च्या आत सर्व बसते आणि उरलेली जागा फाइलींच्या कॅशला मिळते. ६४ जीबीचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

ओव्हरकमिट आणि ओओएम किलरची सेटिंग

लिनक्स मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे ओव्हरकमिट मेमरी ० असताना, प्रोसेसना प्रत्यक्ष असलेल्या मेमरीपेक्षा जास्त कबूल करतो आणि सर्वांनी एकदम वापरायला काढली की ओओएम किलरला बोलावतो. हे सेटिंग २ केले तर कर्नल एका मर्यादेपुढे मेमरी कबूलच करत नाही. मागणारी क्वेरी ‘आउट ऑफ मेमरी’ सांगून संपते आणि बाकीचे चालू राहतात. मर्यादा ठरते ती ह्यूज पेजेस वजा जाता उरलेल्या रॅमच्या ठरावीक टक्क्यांत स्वॅप मिळवून. मूळ टक्केवारी ५० आहे आणि ती बहुतेक सर्व्हरवर फार कमी पडते. इथे २४ जीबीचे ८० टक्के म्हणजे १९.२ आणि स्वॅप ८, मिळून २७.२ जीबी ठेवले.

हा बदल डेटाबेससाठी योग्य आहे, पण त्याच यंत्रावर जावासारखी सेवा असताना तो घाईने करू नये. ‘मेमइन्फो’मधील ‘कमिटेड एएस’ हा आकडा बिल चालू असताना काही पंधरवडे पाहावा आणि तो मर्यादेच्या बराच खाली राहतो याची खात्री झाल्यावरच सेटिंग २ करावे. अन्यथा उद्या जावाची सेवा किंवा बॅकअपची स्क्रिप्टच सुरू होणार नाही.

ओओएमचा गुण उणे १००० करून मुख्य पोस्टग्रेस प्रोसेसला संरक्षण देता येते आणि ते द्यावे. मात्र एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोसेसला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) पीजी-ओओएम-अ‍ॅडजस्ट-फाइल हे नाव लावून तिच्या मुलांचा, म्हणजे तिने उभ्या केलेल्या प्रोसेसचा, गुण पुन्हा ० होईल असे पाहावे, नाहीतर संपूर्ण डेटाबेसच कर्नलच्या आवाक्याबाहेर जातो. यामुळे मुख्य प्रोसेस वाचते. एखादे मूल मारले गेले तर सर्व कनेक्शने तरीही तुटतातच, म्हणून याला मूळ दुखण्यावरचा उपाय समजू नये.

हे सर्व करूनही डेटाबेस पुन्हा पडलाच, तर रीस्टार्टकडे हात जाण्याआधी कर्नलच्या लॉगमधील ओओएमची संपूर्ण नोंद जपून ठेवावी. तिच्यात त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचा तक्ता असतो आणि तो नंतर कुठूनही मिळत नाही. त्याच्या जोडीला ‘मेमइन्फो’ची दर पाच मिनिटांची नोंद एका फाइलीत साठवत जावी. तिच्यातील अव्हेलेबल, पेज टेबल्स, शमेम, कमिटेड एएस आणि ह्यूज पेजेसच्या ओळी घटनेच्या आधीच्या दोन तासांत कशा हलल्या हे पाहिले, की मेमरी हळूहळू साठत गेली की एका क्वेरीने एकदम घेतली, हे स्पष्ट होते. पहिल्या प्रकारात कनेक्शनांचे आयुष्य आणि ह्यूज पेजेस खरोखर लागू आहेत की नाही हे तपासावे. दुसऱ्या प्रकारात त्या वेळच्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीची नोंद काढून, कोणत्या वापरकर्त्याच्या पूलमधून किती क्वेरी एकदम गेल्या, ते पाहावे.